दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : लांबून गेलं, लवकर पोचलं

(दृश्य : दिल्ली विमानतळ, पहाट. दोऱ्यांनी घट्ट बांधलेल्या बॅगा, बॅगेवर मार्करने लिहिलेलं आडनाव.)

लेकीच्या बाळंतपणासाठी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, निघालेले कितीतरी आईवडील मुंबई-पुण्याहून येऊन इथेच विमान बदलतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती तास बसायचं?

पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. अंतर भरतं सुमारे १२,४०० किलोमीटर. दोरा दिल्लीहून निघतो तो उत्तरेलाच. हिमालय, तिबेट, सायबेरिया, मग आर्क्टिक समुद्राला शिवून अमेरिकेत उतरतो. पण विमानाला हा दोरा जसाच्या तसा धरता येत नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर काही मिनिटांत १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन तेवढाच वेळ पुरतो. तिबेटात जमीनच त्याहून उंच आहे.

(दृश्य : नकाशा. एक रेघ अटलांटिकवरून, दुसरी पॅसिफिकवरून.)

एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं. सुमारे १३,९०० किलोमीटर, सोळा तासांच्या वर. ऑक्टोबर २०१६ मध्ये वैमानिकांनी ते पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं आणि विमान पोचलं साडेचौदा तासांत!

गणित करून पाहा : सरासरी वेग निघतो ताशी साधारण १,०५५ किलोमीटर. या विमानाचा, म्हणजे बोइंग ७७७ चा, नेहमीचा वेग ९०० च्या आसपास. वरचा वेग वाऱ्याचा.

तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. १९२० च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशींनी फुगे सोडून तो मोजला होता. जगाने वाचावं म्हणून त्यांनी अहवाल एस्परांतो भाषेत लिहिला, आणि नेमका म्हणूनच तो फारसा कुणी वाचला नाही. फार हळहळ वाटते. आज याच वाऱ्याचा अंदाज पाहून रोजची वाट आखली जाते. परतीचं विमान अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेलाच आलं, की जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होते.

(दृश्य : रशियाचा पूर्व किनारा, ओखोत्स्कचा समुद्र.)

वाऱ्याइतकंच राजकारणही तास ठरवतं. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झालं. त्यातल्या युनायटेड एअरलाइन्सला दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा थांबवावी लागली. एअर इंडिया मात्र तिथूनच जात राहिली.

६ जून २०२३. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी घेऊन निघालेल्या विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि ते मगादानला उतरवलं. मगादान म्हणजे रशियाच्या पूर्व टोकाचं छोटं शहर. एवढ्या माणसांना पुरतील अशी हॉटेलं तिथे नव्हती. मिळेल तिथे तात्पुरती सोय झाली. भाषा येईना, जेवण वेगळं, औषधांची काळजी. शेवटी दुसरं विमान मुंबईहून निघालं, सगळ्यांचं जेवण बरोबर घेऊन. ६ तारखेला पहाटे दिल्ली सोडलेले प्रवासी त्याच तारखेच्या सकाळी अमेरिकेत उतरायचे होते, कारण वाटेत तारीख बदलणारी वाररेषा ओलांडली जाते. ते पोचले ८ तारखेला, मध्यरात्र उलटल्यावर.