कॅमेरा कुठे उभा होता?

मंडळी, युद्धपट बघताना मला एक खोड लागली आहे. पडद्यावर गोळी सुटली की मी आधी बघतो, कॅमेरा कुठे उभा आहे. धावून येणाऱ्या शिपायाचा चेहरा समोरून दिसतोय? मग कॅमेरावाला दोन फौजांच्या मधे, शत्रूकडे पाठ करून उभा असणार. कथापटात हे चालतं, तिथे सगळा मांडलेलाच डाव. माहितीपटाला मात्र हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि बाबूराव पेंटरांनी जिथे स्वतः कॅमेरा बनवला त्या कोल्हापुरात तर नक्कीच.

१९१६ च्या ऑगस्टमध्ये, पहिलं महायुद्ध चालू असतानाच, इंग्लंडात सोमच्या लढाईवरचा माहितीपट ‘द बॅटल ऑफ द सोम’ लागला. माणसांनी थिएटरं भरून गेली, कारण आपला मुलगा, आपला भाऊ दिसेल या आशेने लोक येत होते. त्यात १ जुलैचा, जर्मन ठाण्याखाली पेरलेला हॉथॉर्न रिजचा सुरुंग उडताना दिसतो. तो खरा. कॅमेरावाल्या मॅलिन्सने लांबून, हाताने दांडा फिरवत टिपला. त्याच चित्रपटात शिपाई खंदकातून वर चढतात आणि एक-दोघं तिथेच कोसळतात. हे दृश्य आघाडीच्या मागे, सरावाच्या जागेत बसवून घेतलेलं! आता गंमत बघा, सुरुंगाचा धूर लोक विसरतात आणि कोसळणारा शिपाई मात्र शंभर वर्षं माहितीपटांत पुन्हा पुन्हा येतो, खाली खुलासा नाही की काही नाही. वर आता त्याला तोफांचा धडधडाट जोडतात. मूळ फिल्म मुकी होती हो! २०१८ मध्ये दिग्दर्शक पीटर जॅक्सनने त्या युद्धाच्या जुन्या फितींना रंग दिले, ओठ वाचणारे बसवून शिपायांचे शब्द शोधले. शब्दांची ती मेहनत मला आवडली. रंग मात्र नको होते. गवताचा हिरवा कुणीतरी आज ठरवलेला आहे.

१९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईवरच्या ‘बॉर्डर’वर बोललो तर तुम्ही रागावाल. मीही शिट्ट्या मारल्यात. पण लोंगेवाल्यात आपले दोन जवान गेले, आणि पडद्यावर किती पडतात ते तुम्हाला माहीत आहे. सुनील शेट्टीने केलेले भैरोसिंग चित्रपटात धारातीर्थी पडतात. खरे भैरोसिंग राठोड २०२२ पर्यंत हयात होते. पहाटे आपल्या हंटर विमानांनी पाकिस्तानी रणगाडे फोडले, हा लढाईचा निर्णायक भाग. एवढ्याशा तुकडीनिशी रात्रभर चौकी धरून ठेवणं हे काय कमी होतं? त्यात मरणं वाढवायची गरज काय? शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत, जिथे घरोघरी फौजी आहेत, तिथे हे जास्त खटकावं.

बरं, जिथे रणगाडा नाही तिथे युद्धपटाला काहीच दिसत नाही. १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्यात पोलंडचे जवळपास पाच हजार लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएतांनी घरातून उचलून सैबेरियाकडे नेलेले, इराणमार्गे इथवर आलेले. शाळा, चर्च, बाजार, सगळं त्यांनी उभं केलं. पुढे तिथेच फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं वसली. तेच आजचं गांधीनगर, कापड घ्यायला आपण जातो ते. कुणाला युद्धावर माहितीपट काढायचा असेल तर तिथून सुरुवात करा. स्फोटाचा खर्च तरी वाचेल.