टाकीवर नाव वेगळं, खाली इंजिन तेच

[पिटमध्ये ओळीनं उभ्या पाच गाड्या. कॅमेरा टाक्यांवरून सावकाश सरकतो.]

टाक्यांवरची नावं वाचत चला. ग्रीव्ज. डॉट. कॉटन. जेम्स. फ्रान्सिस-बार्नेट. इसेक्स, मँचेस्टर, ग्लॉस्टर, बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री. इंग्लंडच्या पाच कोपऱ्यांतले पाच कारखाने, आणि पन्नास-साठच्या दशकात मातीच्या शर्यतीत पळणाऱ्या या मोटारसायकलींचे भक्त आजही एकमेकांशी भांडतात की आमचीच भारी.

आता कॅमेरा जरा खाली.

[इंजिनांचे क्लोजअप, एकामागून एक.]

डाव्या बाजूला इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी प्रायमरी चेन, उजव्या बाजूला गिअरचा लिव्हर आणि स्पार्कची वीज बनवणारा फ्लायव्हील मॅग्नेटो. कुठे 197 सीसी, कुठे 246, पण घराणं एकच. व्हिलियर्स. पाच लग्नं आणि केटरर एकच, असा प्रकार.

हे व्हिलियर्स म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टनची कंपनी. 1898 साली जॉन मार्स्टन या सनबीम सायकलवाल्यानं सायकलचे पेडल बनवायला काढली, व्हिलियर्स स्ट्रीटवर होती म्हणून नाव तेच पडलं. पेडलवरून फ्रीव्हील, आणि 1913 मध्ये 269 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. ते असं काही चाललं की ज्याला मोटारसायकल बनवायचीय पण इंजिन बनवायची ऐपत नाही तो सरळ वुल्व्हरहॅम्प्टनला ऑर्डर टाकायचा. गवत कापायची मशीन, पाण्याचे पंप, काँक्रीट मिक्सर, सगळ्यात हेच लोक. 1956 मध्ये विसाव्या लाखाचं इंजिन तयार झालं आणि ते लंडनच्या सायन्स म्युझियमला दिलं. वीस लाख! आणि यातल्या कितीतरी इंजिनांवर बसून फिरणाऱ्या माणसाला विचारलं तर तो नाव सांगणार टाकीवरचं.

[वर्कबेंच. उघडलेलं 9ई इंजिन. हातात पिस्टन.]

हे व्हिलियर्सचं 9ई. बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी 59, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल 72 मिलिमीटर, 197 सीसी. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, वेगळा ऑइल पंप नाही, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्ट, उघडतो आणि झाकतो, श्वास घेणं-सोडणं सगळं तिथेच. आणि फ्लायव्हीलमध्येच चुंबक बसवलेत, त्यामुळे स्पार्कला बॅटरी लागत नाही, चिखलात पडली, उचलली, किक मारली, चालू. छोट्या कारखान्याला हे सोनं होतं. मूळ इंजिन मात्र मवाळ, रोज कामावर जाणाऱ्या माणसासाठी काढलेलं. ते शर्यतीत पळवायचं तर काहीतरी डोकं लावावं लागणार, आणि इंजिन सगळ्यांचं सारखंच म्हटल्यावर डोकं लावायला जागा उरते फ्रेमची.

[ग्रीव्जची फ्रेम, समोरून. हात बीमवरून फिरतो.]

ही माझी आवडती गाडी, आधीच सांगून टाकतो, त्यामुळे इथे जरा वेळ जाणार.

बाकी सगळ्यांच्या पुढच्या बाजूला स्टीलचा पाइप असतो. इथे काय आहे बघा. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ओतीव बीम, पुलाला असतो तसा. वरचा स्टीलचा पाइप साच्यात ठेवून त्याच्याभोवतीच धातू ओतायचा, म्हणजे जोड असा नाहीच. लोक म्हणायचे मोडणार. आणि पुढचं चाक धरणारा हा फोर्क बघा, स्प्रिंग शोधू नका, नाहीये. चाक पुढच्या आडव्या लिंकवर आहे, चाक वर आलं की रबराचे बुश पिळले जातात, ते रबर हीच स्प्रिंग.

हे रबर आलं कुठून तर अपंगांच्या गाडीतून. बर्ट ग्रीव्ज यांचा चुलतभाऊ डेरी प्रेस्टन-कॉब, जन्मापासून पायांनी अधू. त्याच्या व्हीलचेअरला बर्टनी गवत कापायच्या मशीनचं इंजिन लावून दिलं, त्यातून दोघांनी इन्व्हाकार नावाची कंपनी काढली, सरकारसाठी अपंगांच्या तीनचाकी बनवायची. त्यातही व्हिलियर्सच. धंद्याची बाजू डेरी बघायचा, बर्टना मोटारसायकलचं वेड, आणि 1953 मध्ये ग्रीव्ज मोटारसायकल बाजारात आली. इसेक्समधलं थंडर्सली, तिथे कारखाना. सांगायचं कारण, ही मातीतली चॅम्पियन गाडी शर्यतीच्या पैशावर नाही, तीनचाकींच्या पैशावर उभी राहिली.

1957, श्रॉपशायरमधलं हॉकस्टोन पार्क, वाळूचा भलामोठा चढ. ब्रायन स्टोनब्रिज हा ग्रीव्जची 197 घेऊन उतरला आणि 350 सीसीची शर्यत जिंकला, ते पुरे नव्हतं म्हणून 500 वाल्यांच्या शर्यतीतही उतरला, दुसरा आला. 197 सीसी, रोज कामावर जाणाऱ्याचं इंजिन! त्यातले पोर्ट त्यानंच बदललेले. पुढे कंपनीनं मॉडेललाच हॉकस्टोन नाव दिलं. 1959 मध्ये कार अपघातात तो गेला.

[रेसिंग नंबर असलेली ग्रीव्ज, उतारावरून खाली येताना. स्लो मोशन.]

मग डेव्ह बिकर्स. 1960 आणि 1961, सलग दोनदा 250 सीसीचा युरोपियन मोटोक्रॉस, म्हणजे मातीतल्या शर्यतीचा, चॅम्पियन, त्या वर्गात तेव्हा याच्यावर दुसरी स्पर्धाच नव्हती. इंजिनाचा खालचा भाग व्हिलियर्स, पुढे वरचा सिलिंडर ग्रीव्जचा स्वतःचा. हा धंदाच झाला होता तेव्हा, पार्किन्सन, मार्सेल असे लोक व्हिलियर्सच्या बुडख्यावर बसतील असे जास्त ताकदीचे सिलिंडर विकायचे. मग तो सिलिंडर डॉटवर लावा नाहीतर कॉटनवर, बोल्ट तेच.

[डॉट. मग किट उघडतानाचं जुनं पत्रक.]

मँचेस्टरची डॉट. नावाचा अर्थ त्यांनीच जाहिरातीत फिरवला, 'डिव्हॉइड ऑफ ट्रबल', म्हणजे त्रासमुक्त. गाडी साधी, हलकी, आणि सुट्या भागांच्या किटमध्ये मिळायची. कारण तयार गाडीवर परचेस टॅक्स, किटवर नाही. मग काय, पोरं घरी शेडमध्ये बसून जोडायची. कॉटन, ग्रीव्ज, स्प्राइट, सगळ्यांनी किट विकले. आणि असं जमलं कारण इंजिन एका खोक्यात तयार येत होतं.

जेम्स आणि फ्रान्सिस-बार्नेट या दोघांची मालक कंपनी एएमसी. तिला वाटलं व्हिलियर्सला पैसे कशाला द्यायचे, आपलंच इंजिन काढू. इटालियन डिझायनर व्हिन्चेन्झो पियात्तीकडून काढून घेतलं. त्रास, तक्रारी, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला परत व्हिलियर्सच्याच दारात. मला यात थोडा आनंद होतो, लपवत नाही.

[स्टँडवर स्टारमेकर इंजिन. चालू स्थितीतलं शूट मिळालं नाही.]

आणि हे स्टारमेकर. व्हिलियर्सनं मुद्दाम शर्यतीसाठी काढलेलं, 247 सीसी, बोअर-स्ट्रोक दोन्ही 68, सुरुवातीला दोन कार्बोरेटर. 1966 च्या आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत पीटर इंचली 250 सीसी वर्गात याच्यावर तिसरा आला, जपानी कारखान्यांच्या गाड्या समोर असताना.

त्याच साली व्हिलियर्स आणि नॉर्टन एकत्र येऊन नॉर्टन-व्हिलियर्स झालं, दोनेक वर्षांत बाहेरच्यांना इंजिन देणं बंद, जेम्स आणि फ्रान्सिस-बार्नेट त्याआधीच संपले होते, कॉटन-डॉट इटालियन मिनारेली इंजिनांकडे वळले, ग्रीव्जनं 1964 पासूनच चॅलेंजर मॉडेलला स्वतःचं इंजिन लावलं होतं म्हणून ते सत्तरच्या दशकात पोचले.

[स्टार्ट लाइन. ताणलेलं रबर सुटतं. धूर. आवाज पूर्ण.]

1965 च्या आधीच्या गाड्यांची ही शर्यत. क्रँक, पिस्टन, गास्केट सगळं अजून मिळतं, पाच ब्रँडच्या गाड्यांना एकाच इंजिनाचे पार्ट लागतात म्हटल्यावर ते बनवणाऱ्यालाही परवडतं.

[काळं-पांढरं छायाचित्र: शेर्पा.]

आणि हे इंजिन आपल्याकडेही आलं होतं बरं का. मद्रासच्या एन्फिल्डनं साठच्या दशकात शेर्पा मोटारसायकल काढली आणि फँटाब्युलस नावाची स्कूटर, दोन्हीत 173 सीसी व्हिलियर्स. मातीतल्या शर्यतीची नव्हे, रस्त्यावरचीच गाडी, पण भाऊबंद तेच. कुणाच्या गोठ्यात, माळ्याखाली शेर्पा पडलेली असेल तर खाली लिहा, पुढचं शूट तिकडे करू.