ऊब कापडात नसते

मंडळी, नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात दिवाळी सरली की पिंजारी यायचा. वर्षभर दबून चपटी झालेली गादी तो उसवायचा आणि चौकात पिंजण लावून बसायचा. तातेचा तो टंग-टंग आवाज, नाकातोंडात जाणारा कापूस... मान हलवताय, म्हणजे ऐकलाय तुम्हीही. संध्याकाळी कापूस तोच, वजन तेवढंच, पण गादी वीतभर फुगलेली आणि रात्री उबदार. वाढली होती फक्त आतली हवा. थंडीचं जॅकेट कसं निवडायचं, हा आजचा सगळा विषय त्या गादीत आहे.

१९२२ साली एव्हरेस्टवर जाताना जॉर्ज फिंच यांनी बलूनच्या कापडात आयडर बदकाची मऊ लव भरून कोट शिवून घेतला. सोबत्यांनी आधी चेष्टा केली, थंडी वाढल्यावर त्यांनाच त्या कोटाचा हेवा वाटू लागला. तीच ही अडकवलेली हवा.

हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा मी स्कीइंग शिकायला गुलमर्गला गेलो. इथल्याच एका दुकानात सांगितलं होतं, ‘साहेब, मायनस वीसला चालेल.’ चांगलं जाडजूड जॅकेट. झेलम एक्स्प्रेसमध्ये ते उशाला घेऊन झोपलो. पण नवशिक्याला पहिले दिवस घसरायचं कमी आणि स्की आडव्या टाकत चढ चढायचं जास्त असतं. तासाभरात पाठ घामानं निथळली, अस्तर चिंब झालं. ऊन गेलं, वारा सुटला आणि दात वाजायला लागले. आमच्या काश्मिरी प्रशिक्षकानं माझ्या पाठीवर हात ठेवला, काही न बोलता आत नेलं, कहवा दिला. त्याच्या अंगात तीन पातळ थर होते. चढताना तो एक काढून कमरेला बांधायचा, थांबला की पुन्हा घालायचा. माझी तक्रार आजही कायम आहे: मायनस वीसला काय करताना, उभं राहताना की चढताना, हे दुकानदारानं विचारायलाच हवं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा भराभर सांगतो.

लडाखला थंडीत फिरायचं असेल, तर डाऊन, म्हणजे बदकाची लव भरलेलं जॅकेट घ्या. हलकं, घडी छोटी, पण भिजलं की लव गोळा होते आणि हवा संपते. ‘६५०’, ‘८००’ हे आकडे लव किती फुगते ते सांगतात. ती किती भरलीय हे ग्रॅममध्ये वेगळं विचारा. स्कीइंगला घाम आणि बर्फ दोन्ही असतात, तिथे कृत्रिम धाग्यांची भरण असलेलं पातळ सिंथेटिक जॅकेट बरं. ते ओलं झालं तरी बरीच ऊब धरतं. त्यावर वारा-पाणी अडवणारं सैल कवच, काखेत चेन असलेलं. आत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर, सुती बनियन अजिबात नको. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, तिथला गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवट डोंगरावर नेतो जवळपास ४,००० पर्यंत. नुसत्या उंचीनंच आठ-नऊ अंश उतरतात, वारा वेगळा.

दुकानात दोन्ही हात वर करून पाहा, कंबर उघडी पडता कामा नये. जॅकेटची टोपी हेल्मेटवर बसायला हवी. घरी आल्यावर डाऊन पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. धुतलंत तर ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू सोडा, ते पिंजाऱ्याचं काम करतात.

तीन जॅकेटं टेबलावर ठेवलीत. दाबून, फुगू देऊन पाहा, मग प्रश्न विचारा.