पिवळी ओळ, गुलाबी ओळ

(स्वयंपाकघरातलं टेबल, वरून. कागदावर मार्कर फिरतो आहे.)

आईने दोन मार्कर घेतले आहेत. जे पैसे परत करायचे नाहीत ते पिवळे. जे फेडायचे ते गुलाबी.

एप्रिल 2024. मुलीला हव्या असलेल्या कॉलेजचं आर्थिक मदतीचं पत्र आलं आहे. फी, राहणं, जेवण, पुस्तकं धरून वर्षाचा खर्च 81,400 डॉलर. कॉलेजचं अनुदान 24,000. पिवळं. मुलीच्या नावावर सरकारी कर्ज 5,500. गुलाबी. कॅम्पसवर काम करून मिळवायचे 2,400. इथे मार्कर थांबतो. हे कुणी देणार नाही, कुणाला फेडायचंही नाही, ती कमावणार आहे. ही ओळ कोरी राहते. मग शेवटची ओळ. पॅरेंट प्लस, म्हणजे आईवडिलांनी घ्यायचं सरकारी कर्ज, 49,500. गुलाबी रंग कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं आहे, बाकी रक्कम: शून्य.

(शून्यावर कॅमेरा थांबतो.)

पहिल्या रात्री या घरात हे शून्य बघून पेढे आणले होते.

चूक त्यांची नव्हती. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर 2022 मध्ये अशा पत्रांचा अभ्यास मांडला. त्यांच्या अंदाजानुसार 91 टक्के कॉलेजं कुटुंबाच्या खिशातून नेमके किती जाणार हा आकडा एकतर देतच नाहीत, किंवा आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. कर्जही 'मदत' या एकाच मथळ्याखाली अनुदानाच्या शेजारी बसतं. त्या वर्षीच्या पॅरेंट प्लस कर्जाचा व्याजदर पुढे जाहीर झाला, 9.08 टक्के. पत्रात व्याजाचा उल्लेख नाही.

(ओक ट्री रोड, संध्याकाळ. मिठाईची दुकानं, साड्यांच्या काचा, पार्किंग शोधणाऱ्या गाड्या.)

न्यू जर्सी, एडिसन. इथे पाव भाजीपासून पैठणीपर्यंत सगळं मिळतं. दर रविवारी मराठी शाळेतून मुलं घ्यायला आलेल्या पालकांमध्ये या दिवसांत एकच विषय असतो, कुणाला कुठे प्रवेश मिळाला. किती पैसे कमी पडले, हे कुणी बोलत नाही.

या रस्त्यावर भेटलेल्या कितीतरी घरांची ग्रीन कार्डची रांग अजून संपलेली नाही. एच-4, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर असलेल्या मुलांना केंद्र सरकारची ही मदत मिळतच नाही. आपल्या या कुटुंबाकडे ग्रीन कार्ड आहे. त्यामुळे मुलीला फॅफ्सा, म्हणजे मदतीचा केंद्रीय अर्ज, भरता आला.

(रिकामं डेस्क. भिंतीवर टांगलेलं जुनं ओळखपत्र.)

बाबा एका कंपनीत डेटाबेसचं काम करायचे. नोव्हेंबर 2023 मध्ये एका सकाळी पंधरा मिनिटांच्या कॉलवर नोकरी संपली. कंपनीचा लॅपटॉप परत पाठवायला रिकामा खोका घरी आला. त्यावरची चिठ्ठी आजही ड्रॉवरमध्ये आहे. त्यानंतर राज्याचा बेकारी भत्ता, आठवड्याला 830 डॉलर, तोही फार तर 26 आठवडे. आई एका पाळणाघरात शिकवते. तिचा वर्षाचा पगार 31,000.

आणि फॉर्मने काय विचारलं? 2022 चं उत्पन्न.

हा नियमच आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू करणाऱ्या मुलांच्या फॉर्मवर 2022 चं कर विवरणपत्र धरलं जातं. दोन वर्षं मागचं. कॉलेजने ज्या कुटुंबाचा हिशोब केला ते वर्षाला 1,42,000 डॉलर कमावत होतं. ते कुटुंब आता या घरात राहत नाही.

त्यात ते वर्ष सगळ्यांसाठीच वाईट होतं. एरवी 1 ऑक्टोबरला उघडणारा फॅफ्सा नव्या स्वरूपात उघडला तो 30 डिसेंबरला. कॉलेजांकडे माहिती पोहोचायला मार्चचा मध्य उजाडला. पत्रं उशिरा आली. म्हणून अनेक कॉलेजांनी प्रवेश पक्का करण्याची 1 मेची मुदत पुढे ढकलली. या कॉलेजची मुदत 15 मे झाली. म्हणजे शून्याचा अर्थ कळल्यापासून हातात होते जेमतेम चार आठवडे.

(कृष्णधवल चित्रण. गर्दी, टेबल, सही करणारा उंच माणूस.)

पुढे जाण्याआधी हे चित्र बघू या. 8 नोव्हेंबर 1965, टेक्सासमधलं सॅन मार्कोस गाव. सही करताहेत राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन. कायदा आहे उच्च शिक्षणाचा. वॉशिंग्टन सोडून ते इथे आले, कारण हे त्यांचं स्वतःचं कॉलेज. इथे शिकताना त्यांनी झाडलोटीचं काम केलं होतं. पैसे पुरेनात म्हणून शिक्षण मध्येच थांबवून 1928 मध्ये ते कोटुला नावाच्या गावी मास्तर झाले. मेक्सिकन मजुरांच्या मुलांची शाळा होती ती. सहीच्या दिवशीच्या भाषणात त्यांनी त्या मुलांची आठवण काढली. त्या मुलांपैकी जवळजवळ सगळ्यांना कॉलेजचं दार बंद आहे, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

याच कायद्यात पुढे दुरुस्त्या होत गेल्या. त्यातलं कलम 479-अ या आईने छापून फ्रिजवर लावलं आहे.

(फ्रिज. चुंबकाखाली कागद, शेजारी वाणसामानाची यादी.)

फॉर्मवरचे आकडे कुटुंबाची आजची स्थिती सांगत नसतील, तर कॉलेजच्या एड ऑफिसमधला, म्हणजे आर्थिक मदतीच्या कार्यालयातला, अधिकारी ते बदलू शकतो. प्रत्येक घराचा स्वतंत्र विचार करून, कागदपत्रं बघून. नोकरी जाणं, विम्यात न बसलेला दवाखान्याचा खर्च, घरात अवलंबून असलेल्यांच्या देखभालीचा खर्च, ही कारणं कायद्यातच लिहिली आहेत. डिसेंबर 2020 मध्ये झालेल्या कायद्याने आणखी एक गोष्ट पक्की केली. आम्ही असे अर्ज घेतच नाही, असं सरसकट धोरण कॉलेजला ठेवता येत नाही. उलट, अशी मागणी करता येते हे जाहीरपणे सांगणं कॉलेजवर बंधनकारक आहे.

हे वाक्य आम्ही मुद्दाम पुन्हा वाचतो आहोत. मागणी करता येते, हे सांगणं कॉलेजवर बंधनकारक आहे.

(आई कागद वाचते, मान हलवते.)

तरीही या घरात आठवडाभर कुणी पेन उचललं नाही. बाबांना वाटत होतं, आपण हात पसरतो आहोत. आईला भीती होती की तक्रार केली तर मिळालेला प्रवेशही जाईल. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी ही भीती काढली. मदतीचा फेरविचार मागितला म्हणून कुणी प्रवेश काढून घेत नाही. बाबांची अडचण मात्र वेगळ्याच माणसाने सोडवली.

(लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल. सातारा जिल्ह्यातलं घर, मागे भिंतीवर हार घातलेला फोटो.)

फोटोतले आजोबा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये काढलेलं हे कॉलेज. तिथे कमवा आणि शिका योजना होती. सकाळी शेतात काम, मग तास. मुलीने आजीला समजावून सांगितलं की माझ्या पत्रातही तशीच एक ओळ आहे, कामाची.

आजीने विचारलं, "अगं, मग कमी किती पडतायत?"

आकडा ऐकून ती गप्प झाली. मग मुलाला म्हणाली, "तुझ्या बाबांनी तीनदा अर्ज केला होता रे फीमाफीचा. तिसऱ्यांदा झाला. त्यात लाजायचं काय?"

(टेबल. पहिला मसुदा. पेनाने खोडलेले परिच्छेद.)

त्या रात्री पत्राचा पहिला मसुदा झाला. तीन पानांचा. पहिलं पान पूर्ण कॉलेजच्या कौतुकाचं. दुसऱ्या पानावर मुलीची बक्षिसं, भरतनाट्यम, सायन्स फेअर. नोकरी गेल्याची बातमी तिसऱ्या पानावर, तळाशी.

बघा, मुलगी स्वतः खोडते आहे. कौतुक गेलं. बक्षिसं गेली. 'आम्ही अत्यंत निराश झालो' हे वाक्यही गेलं. उरलं ते एक पान. नोकरी कधी गेली, तारीख. 2022 मध्ये उत्पन्न किती होतं, 1,42,000. या वर्षी किती अपेक्षित आहे, बेकारी भत्ता आणि आईचा पगार मिळून सुमारे 47,000. आजीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी साताऱ्याला किती पाठवले. फॉर्मवर त्याला रकाना नाही, पत्रात आहे. आणि शेवटी नेमकी मागणी, आमच्या गरजेचा हिशोब 2024 च्या उत्पन्नावर पुन्हा करावा. घासाघीस असा वास येईल असा एकही शब्द नाही. अधिकाऱ्याला आकडा बदलायचा असतो आणि तो का बदलला याची फाईल ठेवायची असते. हे पत्र ती फाईल तयार करून देतं.

(सार्वजनिक वाचनालय. स्कॅनरची हिरवी रेघ कागदावरून सरकते.)

घरचा प्रिंटर बिघडला, म्हणून वाचनालय. कंपनीचं कामावरून कमी केल्याचं पत्र. शेवटची पगारपावती. बेकारी भत्त्याचं विवरण. 2023 चं कर विवरणपत्र, जे 2022 पेक्षा ताजं आहे. साताऱ्याच्या रुग्णालयाचं बिल. त्याचं इंग्रजी भाषांतर बाबांनी स्वतः टाइप केलं, रुपयांशेजारी डॉलर लिहून. आणि दुसऱ्या एका कॉलेजचं पत्र, जिथे अनुदान 38,000 होतं. काही एड ऑफिसं अशी तुलना बघतात, काही बघत नाहीत. जोडायला हरकत नसते.

एकूण सतरा पानं. एकेक पान काचेवर ठेवताना बाबांचा हात बघा.

(कॉलेजची इमारत, बाहेरून. पाऊस.)

या इमारतीत निर्णय झाला. त्या अधिकाऱ्याच्या निर्णयावर वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्याकडेही दाद मागता येत नाही. मागायचं ते इथेच.

(फोन स्पीकरवर. होल्डचं संगीत. आई पोळ्या लाटते आहे.)

बारा दिवस. तीन फोन. दुसऱ्या फोनवर कळलं की एक पान अस्पष्ट आलं आहे, ते पुन्हा पाठवलं. फोन केला नसता तर ते पान तसंच राहिलं असतं. मुदत आठवडाभर वाढवून मागितली, ती मिळाली.

(लॅपटॉपचा पडदा. मुलीचा चेहरा.)

उत्तर आलं. अनुदान 24,000 वरून 51,000. मुलीचं कर्ज आणि कामाचे पैसे वजा करून राहिले 22,500, त्यातले काही बचतीतून गेले, काही पॅरेंट प्लसमधून. ऑगस्टमध्ये ती गेली.

(रिकामी खोली. मग तेच टेबल. खिडकीबाहेर झाडाला पानं नाहीत.)

नोव्हेंबर 2024 ची अखेर. बाबांना सप्टेंबरपासून कंत्राटी काम मिळालं आहे, आधीपेक्षा कमी पगाराचं. मदत दरवर्षी नव्याने मागावी लागते आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म उघडला आहे. त्यात उत्पन्न विचारलं आहे 2023 चं. त्या वर्षी नोव्हेंबरपर्यंत पूर्ण पगार होता.

आई ड्रॉवर उघडते. सतरा पानांची फाईल बाहेर काढते. मार्करची टोपणं उघडते. पिवळा अजून चालतो. गुलाबी वाळला आहे, नवा आणावा लागेल.