चार बोटांवरचा आवाज

सांगलीत रात्री साडेअकरानंतर रस्ता गप्प झाला की घरीच गाणी करणारी ही मुलगी पंखा बंद करते, दारावर आजीची गोधडी टांगते आणि माईकपासून चार बोटांवर तोंड आणून गायला लागते, म्हणजे शेजारी झोपलेल्याला न उठवता काहीतरी सांगावं तसं. माईकच्या इतकं जवळ गेलं की आवाजातला खर्ज फुगतो, श्वास पण ऐकू येतो, आणि 'प', 'फ' आला की फट्कन फुटतं, म्हणून मान जरा तिरकी.

बाकी लॅपटॉप, छोटा कीबोर्ड, मिनिटाला ७० ठोक्यांची किक, म्हणजे ड्रमचा खालचा धप्प आवाज, आणि खाली एकच लांबलचक सूर.

तो सूर मिरजेचा. तिथले सतारमेकर पिढ्यानपिढ्या भोपळ्याचे तानपुरे करतात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. तिथल्या एका दुकानात ती तासभर बसून नुसती जवारी, म्हणजे तारेचा आवाज खुलवायचं काम, बघत होती. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालतो, नखानं केसभर पुढं सरकवतो आणि इतका वेळ मुकी असलेली तार एकदम उघडते. केसभर मागं, की पुन्हा बंद. तो आवाज तिनं फोनवर रेकॉर्ड करून आणला, एक सप्तक खाली उतरवला, फिल्टर लावला, आता कुणी तानपुरा म्हणून ओळखणार नाही, पण ती उघडझाप तशीच ठेवलीय आणि फिल्टरचं बटण पण ती त्या दोऱ्यासारखंच केसभर फिरवते. कॉम्प्युटरवरचं संगीत कोरडं असतं म्हणतात, हे ऐकल्यापासून मला ते अजिबात पटत नाही.

एक गाणं तिच्या पप्पांवर आहे. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे पप्पा. गाण्यात हळद हा शब्दच नाही, आई बनियन बुडवते आणि बादलीतलं पाणी पिवळं होतं, एवढंच. पहिल्यांदा यात १८ ट्रॅक होते, हार्मोनियम, मागून दुसरा आवाज, सगळं. एकेक काढत ५ राहिले. आणि त्या पिवळ्या पाण्यानंतर किक थांबते, सूर थांबतो, आठ मात्रा काहीच नाही.

पप्पांनी हे पहिल्यांदा एका कानात इयरफोन घालून ऐकलं, यार्डातनं आल्या आल्या, पाय पण धुतले नव्हते. त्या आठ मात्रा आल्या तसं म्हणाले, "मधीच बंद पडलं काय गं?"

"नाही पप्पा, थांबा की जरा."

ते थांबले. तार परत उघडली, आणि त्यांनी दुसरा इयरफोन पण मागून घेतला.