पेटी किती वर्षं टिकावी?

(दृश्य : अर्धं ओढलेलं शटर. बाहेर पाऊस. आतून हातोड्याचे ठोके.)

ठाण्यातल्या एका गल्लीतलं सुतारकामाचं दुकान. जुलै महिना. भिंतींना ओल आलीय, म्हणून फळ्या लादीवर नाहीत, विटांवर रचल्यात. काका एकेक फळी बोटाच्या पेराने वाजवून बघतात. खणखणीत वाजली की डावीकडे, बद्द वाजली की उजवीकडे. उजवीकडच्या एका फळीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत. काका ती उभी आपटतात आणि लादीवर पिवळसर पीठ सांडतं.

"भुंगेरा. वरून कोरी दिसते बघ, आतून सगळी खाल्लीय."

इथे शवपेट्या बनतात. दुकानात त्यांना नुसतं 'पेटी' म्हणतात.

लाकूड पाण्याने कुजतं, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते, हवा लागते आणि खायला लाकूड लागतं. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिलं, तर तिचं काही चालत नाही. या तिन्हींतली एक गोष्ट हिरावून घेतली की पेटी वाचते. कोणी कोणती हिरावली, एवढाच काय तो फरक.

(दृश्य : वाळवंट. नंतर सोनेरी पेटीचं चित्र.)

इजिप्तमध्ये ओल हटवायचं काम वाळवंटानेच केलं. तरी तुतनखामुन राजाची सर्वांत बाहेरची पेटी बघा. १९२२ साली थडगं सापडलं, पण ही पेटी तिथेच राहिली. २०१९ साली तिला दुरुस्तीसाठी बाहेर काढलं, तेव्हा सोन्याचा मुलामा आणि खालचा गिलावा जागोजागी सुटलेला होता. आधी काही दिवस तिला वेगळं ठेवून कीड मारली, मगच दुरुस्ती सुरू झाली.

चीनमध्ये हवा अडवली. मावांगदुई इथली इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातली एका सरदारपत्नीची कबर १९७२ साली उघडली. एकात एक अशा चार पेट्या, त्यांवर लाखेसारखा रोगण, भोवती कित्येक टन कोळसा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. आतल्या बाईचे सांधे तेव्हाही वाकवता येत होते.

आणि डेन्मार्कमधलं एग्टवेड? तिथे ओकच्या ओंडक्याची पेटी सुमारे ३,४०० वर्षं पाण्याने भिजलेल्या टेकाडात राहिली. त्या पाण्यात हवा नव्हती, म्हणून बुरशीही नव्हती. १९२१ साली उघडली तर आत पुरलेल्या मुलीचे केस होते, लोकरीचे कपडे होते, हाडं मात्र विरघळून गेलेली. पेटी जिंकली म्हणायची की हरली, मला ठरवता येत नाही.

तिसरा उपाय म्हणजे लाकूडच विषारी करायचं. हा आपल्या देशातला. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला आवरतं, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात घट्ट धरून ठेवतं. पुढे जगभर खांब आणि कुंपणं त्यावर उभी राहिली. आर्सेनिकच्या धास्तीने अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती लाकडासाठी ते थांबलं. बोरॅक्स आणि बोरिकचं पाणी त्यामानाने सौम्य, पण ते पावसात धुऊन जातं. कपाटाला ठीक, मातीत जाणाऱ्या वस्तूला नाही.

मी काकांना विचारलं, तुम्ही काय लावता?

"कुठे काय? होडीला लोक माशाचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल चोपडतात. होडी परत येते, बाबा."

(दृश्य : दफनभूमी. भिंतीतले कोनाडे, त्यांवर नावांच्या पाट्या.)

मुंबई-ठाण्याकडे जागा नाही. काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडतात, आधीची हाडं भिंतीतल्या कोनाड्यात जातात. तोवर बाकी सगळ्याची माती झालेली हवी. म्हणून चकचकीत पॉलिश, प्लॅस्टिकची झालर, न विरघळणाऱ्या गोंदाचा मरीन प्लाय, हे सगळं फावडं चालवणाऱ्याच्या डोक्याला ताप. काही धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, तर पेटीविना, नुसत्या कापडात पुरायला सांगतात.

तसं ठाण्याला हे नवीन नाही. १३२१ साली इथे संत फ्रान्सिसच्या पंथातले, म्हणजे फ्रान्सिस्कन, चार ख्रिस्ती संन्यासी मारले गेले. पुढे ओदोरिक नावाचा प्रवासी आला आणि त्यांची हाडं कापडात गुंडाळून जहाजाने पार चीनला घेऊन गेला. पेटीची गरज त्याला पडली नाही.

अपवाद एकच, विमानाचा. परदेशात जाणाऱ्या देहासाठी हवाबंद अस्तर लागतं. काका आतून जस्ताचा पत्रा बसवून कडा डाग देऊन झाळून घेतात. त्या दिवशी दुकानात लाकडाच्या वासावर डागाच्या धुराचा वास चढतो.

(दृश्य : पुन्हा दुकान. फळ्यांचे दोन ढीग.)

मग ही फळ्या वाजवायची खटपट कशाला, सगळं कुजायचंच आहे तर?

काकांनी डावीकडच्या ढिगातली एक फळी ओढली, दोन विटांवर आडवी ठेवली आणि स्वतः तिच्यावर उभे राहिले. दोनदा टाचा आपटल्या.

"घरापासून खड्ड्यापर्यंत. तेवढं टिकायला पाहिजे. जिन्यावर तळ सुटला तर?"

खाली उतरून त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि फळीवर लिहिलं : तळ.