तोडणीची वेळ

घरच्या बागेबद्दल बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्याशा जागेत भाजी निघते तरी किती? त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. चार वाफे आणि दहा-बारा कुंड्या असतील, तर घरची सगळी भाजी त्यातून निघत नाही. कांदा, बटाटा, धान्य शेतकऱ्यानंच पिकवावं. त्याला जागा लागते, आणि ही पिकं तोडल्यावर, काढल्यावर टिकतातही. घरच्या बागेचं मोल किलोवर मोजायला गेलं की हाती फारसं लागत नाही. ती बाग आपल्याला वेळ शिकवते. कुठली गोष्ट केव्हा तोडायची, केव्हा खायची आणि केव्हा तिच्यावाचून राहायचं, हे ज्याला उमगलं त्याच्या जेवणाची चवच बदलते. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

गोड मक्याचं कणीस घ्या. तोडलं तरी त्यातला दाणा जिवंत असतो. त्याचं श्वसन चालू असतं आणि दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होत राहतो. हवा ३० अंश सेल्सियस असेल, तर एका दिवसात जवळपास ६० टक्के साखर जाऊ शकते. तेच कणीस शून्य अंशाला ठेवलं, तर सुमारे ६ टक्के जाते. आता बाजारात आलेल्या अतिगोड जातींमध्ये ही घट सावकाश होते, पण होतेच. बाग असली की हा सगळा हिशेबच मिटतो. कणसाचे केस सुकून तपकिरी झाले की टोकाकडची पानं जराशी सोलायची आणि एका दाण्यात नख रुतवायचं. पाण्यासारखा रस आला तर अजून थांबायचं. दुधासारखा आला तर आधी चुलीवर पाणी ठेवायचं आणि मग कणीस तोडायचं. पिठूळ लागलं तर वेळ टळली. हिरव्या वाटाण्याचंही असंच आहे. शेंगा तोडून उन्हात पडल्या की त्यांची गोडी उतरायला लागते.

भेंडी तर अजिबात थांबत नाही. फूल एक दिवसाचं, आणि फुलानंतर चार ते सहा दिवसांत शेंग तोडणीला येते. शेंडा मोडला की कट्‌कन तुटला पाहिजे. वाकला, तर भेंडी जून झाली. पानाआड लपलेली एखादी जून भेंडी झाडावर तशीच राहू देऊ नका. झाडाचा सगळा आटापिटा बी तयार करण्यासाठी असतो. बी भरत आलं की नव्या फुलोऱ्याकडे त्याचं लक्ष उरत नाही. तोडत राहिलात तर ते देत राहतं.

याच्या अगदी उलट स्वभाव लाल भोपळ्याचा आणि रताळ्याचा. इथे घाई करणारा फसतो. भोपळ्याचा देठ वाळून बुचासारखा झाला, सालीत नख शिरेनासं झालं, की देठ ठेवून तो कापावा, काही दिवस कोरड्या, उबदार जागी ठेवावा आणि मग विसरून जावा. आतल्या स्टार्चची हळूहळू साखर होते. काढल्या दिवशीपेक्षा काही आठवड्यांनी तो जास्त गोड लागतो. म्हणजे बागेतलं सगळं ताजंच खावं, असा सरसकट नियम करता येत नाही. प्रत्येकाची वेळ निराळी, आणि ती ओळखण्यात मला तरी फार सुख वाटतं.

आता टोमॅटो. भर उन्हाळ्यात टोमॅटो लालबुंद का होत नाही, पिवळट-नारिंगी का राहतो, असं पुष्कळ जण विचारतात. त्याचा लाल रंग लायकोपिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि तापमान ३० अंशांच्या वर राहिलं की ते नीट तयार होत नाही. पिवळं कॅरोटिन मात्र होत राहतं. अशा दिवसांत फळाला पाड लागला, रंग फिरायला लागला, की ते तोडून घरात सावलीत पिकू द्यावं. फ्रिजमध्ये ठेवू नये. साधारण १२ अंशांच्या खाली ठेवलेल्या टोमॅटोचा वास मरतो, आणि टोमॅटोची निम्मी चव त्याच्या वासात असते असं मला वाटतं. थंडीनं गाजराचं आणि पालकाचं मात्र भलं होतं. गारठ्यात ही पिकं आपल्या पेशींमध्ये साखर साठवतात. ती त्यांची गोठण्यापासून बचावाची तजवीज. आपल्याला ती गोडी म्हणून कळते.

झाडाला ऋतू कळतो कसा, याचा शोध तसा अलीकडचा आहे. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलर्ड हे दोन शास्त्रज्ञ तंबाखूच्या एका जातीवर काम करत होते. मेरीलँड मॅमथ तिचं नाव. उन्हाळ्यात ती माणसाच्या डोक्यावर जाईल एवढी वाढायची, पण फुलायची नाही. खत, पाणी, ऊब असे सगळे उपाय थकले. मग त्यांनी रोपं दिवसाचे काही तास अंधाऱ्या खोपटात ठेवून दिवस कृत्रिमपणे लहान केला, आणि रोपं फुलली. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. झाड दिवसाची लांबी ओळखतं हे तेव्हा सिद्ध झालं. खरं तर झाड रात्र मोजतं, हे पुढे समजलं.

आपल्या बागेत हे डोळ्यांनी दिसतं. वालाच्या पुष्कळ जुन्या जाती दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाहीत. मोठ्या दिवसांत लावलेला वेल मांडवभर पसरतो, पानंच पानं, आणि माणूस काळजीनं खत घालत बसतो. खतानं पानं आणखी वाढतात. त्याला फक्त रात्र मोठी व्हायला हवी असते. पालकाचं उलट आहे. दिवस लांबले, ऊन तापलं, की तो तुऱ्यावर येतो आणि पानं उग्र लागतात. तेव्हा त्याला निरोप द्यावा. पाणी मारून मारून त्याला धरून ठेवण्यात अर्थ नाही.

वेलभाज्यांच्या फुलांची वेळ तर बसून पाहावी अशी. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात. दोडक्याचं पिवळं फूलही दिवस कलल्यावरच उघडतं. भोपळ्याचं फूल पहाटे फुलतं आणि दुपारच्या आत मिटतं. त्याच्या वाट्याला मधमाश्या येतात. वेलाला सुरुवातीला नुसती नरफुलं येतात आणि गळतात. ती गळली म्हणून घाबरू नका. मादीफुलाच्या मागे चिमुकलं फळ दिसतं, नरफुलाचा देठ साधा, बारीक असतो. मधमाश्या फिरकत नसतील, तर नरफूल तोडून पाकळ्या मागे सारा आणि त्यातला पराग मादीफुलाच्या मधोमध अलगद लावा. पण भोपळ्याला हे काम सकाळी, आणि दुधीला संध्याकाळी.

दुधीचं नाव निघालं म्हणून कळकळीनं सांगते. दुधी, काकडी, दोडका चिरल्यावर एक चकती जिभेला लावून पाहा. कडू लागली तर थुंकून टाका आणि ते फळ फेकून द्या. कडू दुधी विषारी असतो. त्यातली कुकरबिटासिन नावाची द्रव्यं माणसाला गंभीर आजारी पाडतात आणि शिजवल्यानं ती जात नाहीत. औषध म्हणून त्याचा रस पिणं तर दूरच ठेवा.

जवळच्या शेतातून भाजी घेण्याबद्दल हल्ली खूप बोललं जातं. मलाही ते मनापासून पटतं, पण नुसतं जवळचं असणं पुरेसं नाही. बाहेर गारठा असताना तापवलेल्या काचघरात वाढवलेल्या टोमॅटोला इतकं इंधन लागू शकतं, की उबदार मुलखातून ट्रकनं आलेला टोमॅटो त्यापेक्षा कमी इंधनात आलेला असतो. जवळचं आणि हंगामातलं, ही जोडी फोडून चालत नाही. म्हणून शेतकऱ्याकडे गेलात की भाव विचारण्याआधी विचारा: आज सकाळी काय तोडलंत? जे नाव तो सांगेल ते घ्या आणि स्वयंपाक त्यावरून ठरवा. काय करायचं ते घरातून ठरवून निघालं, की हंगाम हातातून सुटतो.

या सवयीची एक बाजू म्हणजे उणीव. काही महिने टोमॅटो नसणार, काही महिने वाटाणा नसणार. बारा महिने सगळं मिळण्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे गैरसोयीचं वाटतं. मी याला बागेचं मोठं देणं मानते. हंगामातली पहिली काकडी घरातले सगळे एकेक फोड करून खातात आणि कोणी बोलत नाही, हे कधी तरी तुमच्याही घरात घडू द्या.

दोन पिकांच्या मधल्या काळात जमिनीकडे पाहावं. शेंगवर्गीय पीक संपलं की एक रोप मुळासकट उपटून बघा. मुळांवर बारीक गाठी असतात. एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी निघाली, तर तिच्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडण्याचं काम करत होते. पांढरट किंवा हिरवट असेल तर नव्हते. जर्मनीत हेलरीगल आणि विलफार्ट यांनी १८८० च्या दशकात या गाठींचं काम सिद्ध केलं. कडधान्याचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकामुळे जमिनीत उरलेला कस, चांगला, हे शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून जाणून होते. मात्र शेंगा भरल्या की बराचसा नायट्रोजन दाण्यात जातो आणि तो आपण खातो. म्हणून बाकीची रोपं उपटू नका. जमिनीलगत कापा, मुळं तिथेच कुजू द्या, पाला वर पसरा. वाफसा आला, म्हणजे माती चिखल नाही आणि कोरडीही नाही अशी झाली, की त्यातच पुढची पालेभाजी पेरा.

शेवटचं काम बी धरण्याचं. वाल, वाटाणा, टोमॅटो यांच्यात बहुधा स्वपरागण होतं, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करा. वेलभाज्यांच्या जाती शेजारी असल्या की मिसळतात, त्या नंतर. बियांसाठी फळ ठेवायचं ते भर हंगामातलं, सर्वांत निरोगी झाडावरचं. खाऊन उरलेलं, शेवटी आलेलं नव्हे. टोमॅटोच्या बिया गरासकट दोन-तीन दिवस भांड्यात आंबू द्या, भोवतीचा बुळबुळीतपणा सुटला की धुऊन सावलीत वाळवा. पुडीवर जातीचं नाव लिहा, वर्ष लिहा, आणि झाड कधी पेरलं, पहिलं फळ कधी तोडलं तेही लिहा.